झिऱ्यातला केस

जा बाबांनो, कोकणात जा, समुद्र बघा. पण तहान लागली तर वाळू उकरू नका. हसतोस काय रे खाजा? तो चहा आधी बाजूला ठेव, हे ऐकताना पिववणार नाही. पाचोऱ्याच्या कौतिकची गोष्ट आहे ही. केळीचा ट्रक चालवायचा. त्याची अन् माझी भिंत एक.

एक्याण्णव साल, वैशाखातली चतुर्दशी, पौर्णिमेची आदली रात्र. त्याच्या बायकोला, सुंदरबाईला, पाचवा महिना होता. कितीतरी वर्षांनी दिवस राहिलेले, नवस करकरून. अन् डोहाळे लागले ते समुद्र बघायचे. सावंतवाडीला माल टाकायला जायचंच होतं, कौतिकनं तिलाही शेजारी बसवलं.

केळी उतरवून दोघं दिवस मावळताना एका लहानशा किनाऱ्यावर गेले. चार माड अन् एका कोळणीची झोपडी, बाकी चिटपाखरू नाही. समोर पाण्याखाली खडक. लाट यायची अन् त्या खडकावर फुटायची. कोळीण म्हणाली, इथं गोरे लोक फळ्या घेऊन येतात, लाटेवर उभे राहतात. मागच्याच आठवड्यात पिवळ्या लांब केसांचा एक पोरगा खडकावर आपटला. फळी वाहत परत आली, तो नाही आला. अंधार पडायच्या आत निघा.

सुंदरबाईला तहान लागली. कोळणीनं तांब्या भरून दिला. पाणी चांगलं होतं, पण तांब्याला मासळीचा वास. ही माळकरी, जन्मात मासळीला शिवली नाही. तांब्या तोंडाशी नेला अन् भडाभडा ओकली.

"हाई पानी माले नको," म्हणाली.

मग कौतिकनं काय करावं? उन्हाळ्यात गिरणेच्या पात्रात आपण जे करतो तेच. पुढं जाऊन हातानं वाळू उकरली, झिरा केला. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं, नितळ येऊ दिलं. चाखून बघितलं.

"पानी गोड शे. पे."

ती ओंजळी भरभरून प्यायली. तोवर अंधारलं होतं.

अन् मधेच थांबली. दातात काहीतरी अडकलं म्हणाली. कौतिकनं बोट घालून ओढलं. केस. पिवळा. ओढला... येतच राहिला. हातभर झाला. आणखी हातभर. बुळबुळीत, अन् सडक्या मासळीचा वास. शी! तिचे डोळे बाहेर आलेले. बोलता येईना... मग तुटला. अर्धा आतच राहिला.

झिऱ्यात बघितलं. चांदणं पडलेलं. तळाशी केसांचा पुंजका... हळूहळू वर येत होता.

समोर लाट फुटली. लाटेवर कोणीतरी उभं होतं. पायाखाली फळी नव्हती.

ट्रकपर्यंत कसे आले, दोघांनाही आठवत नाही.

पोटातलं पोर राहतं की जातं, हीच धास्ती त्यानंतर कौतिकला. रात्र रात्र ओट्यावर बसायचा. पण पोरगा झाला, चांगला धडधाकट. पेढे खाल्ले आम्ही. मी म्हटलं, चला, सुटला बिचारा.

मग जावळ काढलं. मी होतो तिथं. मामाच्या मांडीवर पोर, मोतीलाल न्हाव्याच्या हातात वस्तरा. काळंभोर जावळ सगळं उतरलं. कानामागे एकच केस राहिला. लांब. पिवळा. वस्तरा फिरवला, कापला जाईना. मोतीलालनं चिमटीत धरून ओढला... पोर ठसकलं. आणखी ओढला... पोर काळंनिळं पडलं. घशातून दोरी ओढावी तसं...

सुंदरबाई उठली. पुढं आली अन् तिनं मोतीलालचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली.

पोरगा आता शाळेत जातो. हुशार आहे. तो केस अजून तिथंच आहे. ती रोज तेल लावून कानामागे दाबून बसवते, कोणाला दिसू देत नाही. मागच्या मे महिन्यात पोरगा माझ्या ओट्यावर झोपला होता, तेव्हा मी हळूच हात लावला. साबणानं धुऊन धुऊन सालटं निघाली हाताची, वास जाईना. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. धोतर पिळून टाकलं तर बिडी संपायच्या आत वाळतं.

तो केस ओला होता.