दुसरा उजेड

घड्याळजीनं दुकानाला कुलूप घातलं त्याला तीन वर्षं झाली होती, पण हातांना ते कोणी सांगितलं नव्हतं. सकाळचा चहा झाला की ते आपले चिमटा शोधायला लागत. बायको गेल्यावर तो थोरल्या बहिणीकडे राहायला आला होता. ताईनं लग्न केलं नव्हतं. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, शेकडो पोरांचे कान पिरगाळले, आणि बासष्ट वर्षांच्या भावाला ती अजून 'धाकट्या' म्हणूनच हाक मारायची.

एके दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत आल्यावर, दारात चपला काढता काढताच ती म्हणाली, "धाकट्या, बाबांचा फिल्मांचा डबा आहे ना रे माळ्यावर?"

"असेल. का गं?"

"डॉक्टर म्हणाले, सहा महिने धरून चाला. त्याच्या आत मला मुंगीचा चेहरा बघायचाय."

ते नाव या घरात पंचावन्न वर्षांत कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

मुंगी म्हणजे तिघांतलं शेंडेफळ. कुठंही निघालं तरी रांगेत सगळ्यांच्या मागे, आणि हातात आपल्यापेक्षा मोठं काहीतरी उचललेलं, म्हणून मुंगी. पाच वर्षांची असताना ती तलावात बुडाली. सगळे सहलीला गेले होते. ताई तेव्हा अकरा वर्षांची. "हिचा हात सोडू नकोस," असं आईनं तिला दहादा बजावलं होतं. नंतर ताई एवढंच म्हणाली, "माझा हात सुटला." आई तिला त्यावरून कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त घरातले सगळे फोटो मागच्या अंगणात नेले आणि एकेक करून जाळले. घड्याळजी तेव्हा सात वर्षांचा होता. त्या जाळाची ऊब त्याला आठवत होती, बहिणीचा चेहरा नाही.

फिल्मा मात्र वाचल्या. वडील फोटोच्या दुकानात कामाला होते. मुदत संपत आलेले रंगीत रोल मालक त्यांना देऊन टाकी, आणि धुतलेल्या फिल्मा ते दुकानातच ठेवत. निवृत्त झाल्यावर डबा घरी आला आणि न बोलता माळ्यावर गेला.

डब्याचं झाकण उघडलं तेव्हा नाकात झिणझिण्या आणणारा आंबूस वास आला. काही फिल्मा आतून कुजायला लागल्या होत्या. घड्याळजीनं वापरलेला पण चांगला स्कॅनर मिळवला आणि कामाला लागला. घड्याळ काय आणि फिल्म काय, दोघांची वैरीण एकच, धूळ. तो खोलीचे पडदे ओढून घेई, फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेई, पांढरे सुती हातमोजे घाली, रबरी फुग्यानं प्रत्येक पट्टीवर दोन्ही बाजूंनी वारा घाली आणि मगच ती चौकटीत बसवी. वळलेल्या पट्ट्या जाड पुस्तकांखाली आठवडाभर दाबून ठेवी. पहिल्या दिवशी पट्टी उलटी लागली, तर घरातली सगळी माणसं डावखुरी निघाली. ताई खूप हसली. "बाबांना बघ, जन्मात पहिल्यांदा वेगळं काहीतरी करतायत," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी मुंगी सापडली.

बागेतलं बाकडं होतं. त्यावर एक किडकिडीत पोर, मांडीवर भलामोठा दगड घेऊन बसलेली. घड्याळजीनं हाक मारली. ताई आली आणि संगणकाच्या पडद्याला नाक लागेल इतकी वाकली.

"बाही उसवलेली दिसतेय का रे?" तिनं विचारलं.

त्यानं चित्र मोठं केलं. "हो. डावी."

"मी शिवते म्हणाले होते. सुईत दोरासुद्धा ओवून ठेवला होता." ताईनं पडद्यावरच्या बाहीवर बोट ठेवलं. "राहूनच गेलं बघ."

घड्याळजीला वाटलं, झालं, बहिणीची इच्छा पुरी झाली. पण ताई दारापर्यंत जाऊन थांबली. "पुढचेही कर. सगळे."

"पुढच्यांत ती नाही, ताई."

"असू दे. कर तू."

पुढचे रोल मुंगी गेल्यानंतरचे. त्यांत एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. यंत्र प्रत्येक पट्टीवरून दोनदा जाई. एकदा पांढऱ्या उजेडानं, त्यातून चित्र मिळे. मग घरघर थांबे, जरा खालचा सूर लागे, आणि दुसऱ्या, डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडानं ते परत फिरे. या दुसऱ्या उजेडाला फिल्मवरचे रंग दिसतच नाहीत. माणसं, झाडं, घरं, सगळ्यांतून तो काचेतून जावा तसा आरपार जातो. अडतो फक्त धुळीला नि चऱ्यांना. जिथं अडला तिथं धूळ आहे असं समजून यंत्र तेवढी जागा पुसतं आणि आजूबाजूच्या रंगांनी भरून काढतं. मोठी सोय. पण आता प्रत्येक फोटोत ताईच्या डाव्या बाजूला ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा एक लांबट फराटा उमटत होता. दुसरं कुणीही बिघडत नव्हतं.

बुरशी असेल म्हणून त्यानं पट्टी पुन्हा साफ केली. डोळ्याला भिंग लावून तपासली. फिल्म आरशासारखी स्वच्छ होती. पट्टी पुन्हा लावली, पुन्हा फराटा.

पंचेचाळीस वर्षं त्यानं यंत्रं उघडून पाहिली होती. बिघाड कुठं आहे ते कळल्याशिवाय त्याला घास गेला नसता. यंत्राला नक्की काय धूळ वाटतंय ते बघावं, म्हणून त्यानं दुसऱ्या उजेडाचं चित्र वेगळं काढून पडद्यावर घेतलं.

पडदा पांढरा झाला. ते ठीकच होतं. ताई नव्हती, आई-वडील नव्हते, तो स्वतः नव्हता. कोपऱ्यात दोन-तीन कण होते. आणि मधोमध, जिथं ताई उभी असायला हवी तिच्या डावीकडे, एक मुलगी उभी होती. काळ्या शाईनं काढल्यासारखी, वेणीच्या पेडापेडापर्यंत स्पष्ट. तिचा एक हात वर गेला होता, बोटं कशात तरी गुंतलेली.

ती पाच वर्षांची नव्हती. आठ-नऊ वर्षांची होती.

रोलच्या पाकिटावर वडिलांच्या अक्षरात साल होतं. घड्याळजीनं बोटांवर वर्षं मोजली. मुंगी असती तर तेवढीच असती.

त्यानं यंत्र बंद केलं आणि अंगणात जाऊन उभा राहिला. बाहेर लख्ख दुपार होती. कोणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचा धप्प धप्प आवाज येत होता. त्याला तो आवाज ऐकत राहावंसं वाटलं.

पण काम अर्धवट टाकणाऱ्यांतला तो नव्हता. पुढच्या दोन आठवड्यांत त्यानं सगळे रोल तसेच पाहिले. ताईला शाळेत नोकरी लागली तो फोटो, शेजारी चौदा वर्षांची मुलगी. त्याच्या लग्नातला फोटो, ताईच्या शेजारी तरुण बाई, मान जरा कललेली. वडील गेल्यावर त्यानं स्वतः काढलेल्या फिल्मा कपाटात होत्या, त्यांतही ती. वय वाढत होतं, कपाळावर आठ्या येत होत्या. आणि प्रत्येक फोटोत ताईचा डावा हात अंगापासून जरा लांब, बोटं अर्धवट मिटलेली. त्यावरून घरात सगळे तिची थट्टा करत. "ताई, पिशवी कुठं विसरलीस गं?" तोही हसायचा.

तोवर ताईची नजर बरीच उतरली होती. कप शोधायला तिला हात फिरवावा लागे. तिला सांगावं की नाही, या विचारात त्यानं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी तीच त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"सापडली ना तुला?" ती हळूच म्हणाली.

"…कोण?"

"उगीच वेड पांघरू नकोस. अलीकडे जेवताना माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघत नाहीस तू. कळतं मला."

घड्याळजीनं हातातला चिमटा टेबलावर ठेवला.

"मला हात कळतो रे तिचा," ताई म्हणाली. "त्या वर्षापासून. आधी इवलासा होता, मग वाढला. पण चेहरा कधी दिसला नाही. लहानपणीचा मला पाठ आहे, तो कशाला बघू? तो तुझ्यासाठी होता. तुला आठवत नाही ना, म्हणून." ती पडद्याकडे वाकली. "मला आताचा दाखव. थोडं दिसतंय तोवर."

त्यानं सगळ्यांत शेवटचा फोटो काढला, चेहरा पडदाभर मोठा केला. ताईनं मान इकडून तिकडे कलती केली, पुन्हा पाहिलं. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण आवाज स्थिर होता.

"आईवर गेलीय," ती म्हणाली. "केस मात्र माझ्यासारखे लवकर पिकले बिचारीचे."

त्यानंतर दीडेक महिन्यात ताईला दिसायचं बंद झालं. ती दिवसभर खिडकीशी आरामखुर्चीत बसे, डावा हात खुर्चीबाहेर सोडून. घड्याळजीला त्याची सवय होत चालली होती. माणसाला कशाचीही होते.

एक पट्टी तेवढी उरली होती. डब्याच्या तळाशी, बिनतारखेच्या पाकिटात, इतकी घट्ट वळलेली की महिनाभर पुस्तकांखाली ठेवावी लागली. मग एके दिवशी दिवेलागणीला त्यानं ती चौकटीत बसवली. तलाव होता. उतरत्या पायऱ्या, त्यांवर तीन पोरं. तो स्वतः नाकात बोट घालून उभा, शेजारी रिबिनी बांधलेली ताई, आणि तिच्या डाव्या हाताला मुंगी. ताईनं तिचा हात इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मुंगीचा दुसरा हात फोटोच्या कडेकडे ताणलेला होता, पाण्याच्या बाजूला. तिथं कोणीच नव्हतं.

मुंगी तेव्हा जिवंत होती. दुसऱ्या उजेडात काही दिसायचं कारण नव्हतं. तरी त्यानं ते चित्र उघडलं.

पांढरा पडदा. तो नाही, ताई नाही, मुंगीही नाही. फक्त अगदी कडेला, मुंगीचा दुसरा हात जिथं असायला हवा होता तिथं, एक मनगट होतं. मोठ्या माणसाचं. त्याची चार बोटं कशाभोवती तरी आवळलेली. बाकीचं जे काही होतं ते फोटोच्या बाहेर.

घड्याळजीनं जुनी चित्रं एकामागून एक उघडली. इतके दिवस तो चेहराच बघत राहिला होता. प्रत्येक चित्रात मुंगीचा दुसरा हात तसाच बाहेर ताणलेला होता. ताईच्या शाळेचा एक फोटो जरा रुंद होता. त्यात कडेला तीच चार बोटं मुंगीच्या मनगटाभोवती होती.

तो उठून ताईकडे गेला. दिवा लावायचंही त्याला सुचलं नाही.

"ताई… त्या दिवशी तुझा हात सुटला नव्हता. तू घट्ट धरला होतास. दिसतंय फोटोत. तिला कोणीतरी… पलीकडून ओढलं."

अंधारात खुर्ची एकदा करकरली. पंचावन्न वर्षांचं ओझं उतरायलाही वेळ लागत असेल, असं त्याला वाटलं. मग ती म्हणाली, अगदी सावकाश, "म्हणजे ओढते ती मुंगी नव्हे तर."

"ओढते?"

"डोळे गेल्यापासून. आधी अधूनमधून, आता दिवसभर. मी म्हणते, थांब गं बाई, मला दिसत नाही, चालवत नाही. ती बिचारी थांबते. अंग मागे रेटून धरते, मला कळतं. तरी ओढ काही थांबत नाही…" तिचा आवाज बारीक झाला. "मी तिला आता सोडणार नाही, धाकट्या. काही झालं तरी."

घड्याळजीनं स्टूल ओढलं आणि तिच्या उजव्या हाताशी बसला. लहानपणानंतर पहिल्यांदाच त्यानं बहिणीचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटांत बोटं गुंतवून घट्ट धरला. घरात कसलाच आवाज नव्हता. बराच वेळ गेला, आणि त्याला वाटायला लागलं की, सगळं उगीच आहे, आपण दोघं म्हातारे झालोय, इतकंच.

तेवढ्यात ताईच्या हातातून, तिच्याही पलीकडून कुठूनतरी, त्याच्या खांद्यापर्यंत एक ओढ आली. जोरात नव्हती. कोणीतरी, या टोकाला आता किती जण आहेत, याचा अंदाज घेत होतं.