मामा टेबलाखाली असताना

हे मला कोणी सांगितलेलं नाही. मी स्वतः तिथे होते.

तीन वर्षांपूर्वीचा शनिवार. दुपारचा सव्वा वाजलेला, बाहेर लख्ख ऊन. मी मामाचा डबा घेऊन त्याच्या वर्कशॉपमध्ये गेले.

मामा सुतार. जुनं फर्निचर दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्या आठवड्यात एका निवृत्त नर्सबाईंनी त्यांचं शंभर वर्षांचं जेवणाचं टेबल पाठवलं होतं.

"मी एकटीच उरले. कापून लहान करून द्या," म्हणाल्या होत्या.

फक्त टेबल आलं होतं. खुर्च्या नाहीत.

एवढं जड की एकट्याने उलटं करता येईना. म्हणून मामा खाली उताणा पडून खुंट्या ठोकून काढत होता. टेबल बनवणाऱ्या कारागिराने एकही खिळा वापरला नव्हता. पायाचं टोक चौकटीच्या खाचेत घट्ट बसवलेलं आणि आरपार लाकडी खुंटी.

"सासरी मुरलेली सून आहे ही, जागची हलत नाही," मामा खालून म्हणाला. "तासाभरात एक खुंटी सैल झाली, बस!"

मी हसले. डबा ठेवायला वळले.

तेवढ्यात ठोकणं थांबलं...

फरशीवर काहीतरी सरकलं. खुर्ची ओढल्यासारखं.

पुन्हा एकदा.

मग चारी बाजूंनी...

"तू एकटीच आलीस ना?" मामाचा आवाज पार बदलला होता.

"हो. का?"

"मग हे बसलेत कोण?"

मला टेबलाभोवती कोणीच दिसत नव्हतं.

"पाय आहेत गं," तो कुजबुजला. "सगळीकडून. एका पोराचे तर जमिनीला टेकतही नाहीत..."

"मामा, बाहेर ये!"

"कुठून येऊ? खिडकीकडे एवढीशी फट आहे फक्त."

मी खिडकीकडून वाकले, हात आत घातला. मनगटाला काहीतरी थंडगार घासून गेलं...

कापड होतं.

मामाने माझा हात पकडला. मी जीव खाऊन ओढलं.

बाहेर आला तेव्हा तो घामाने निथळत होता. मागे काहीतरी धप्पकन पडलं. आम्ही वळून पाहिलं.

टेबलाच्या एका बाजूचे दोन्ही पाय निखळून फरशीवर पडले होते.

टेबल मात्र तसूभरही कललं नव्हतं...

मामाने टेबलाभोवतीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही कापत. बसा."

आणि त्याने दोन्ही पाय परत बसवले.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. मामाने घडलं ते सांगितलं. त्या दचकल्या नाहीत.

"किती जण होते?"

"सात."

"मोकळी जागा कुठली?"

मामाने खिडकीकडचं टोक दाखवलं. बाईंनी तिथल्या लाकडावरून हळूच हात फिरवला.

"माझी," एवढंच म्हणाल्या.

टेबल जसंच्या तसं परत गेलं.

बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. खुशाली विचारावी, असं बरेचदा वाटतं.

अजून फोन लावलेला नाही. त्यांच्याऐवजी दुसऱ्याच कोणी उचलला तर...