लाख लावायच्या आधी

तू नुसतं ऐक. सत्त्याऐंशीचा उन्हाळा, धुळ्याच्या खालच्या अंगाला पांझरेकाठचं एक गाव. नदी म्हणजे काय, तर शहराची गटार आणि वरच्या रंगाच्या कारखान्याचं लालसर पाणी. धुणं धुणाऱ्या बायांच्या हातांना फोड, गाभण म्हशी गाभडायला लागलेल्या. आणि नाशिकच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट तिसऱ्यांदा तोच, पाणी स्वच्छ!

प्रदूषण मंडळाचा, नदीचे नमुने नेणारा निंबा पार वैतागला. साहेबांनी बजावलं, चौथाही असाच आला तर फाइल बंद. वर ऑफिसात कुजबुज, निंबाने कारखान्याकडून खाल्लं.

त्याला आधी प्रयोगशाळेचाच संशय. जाऊन बघितलं, तर तिन्ही पांढऱ्या कॅनची लाखेची सीलं शाबूत पोचलेली. मग कारखान्याचा मॅनेजर? पण एसटीत कॅन निंबाच्या मांडीवर असायचा. हात लावणार कोण?

त्याने रिपोर्ट पुन्हा वाचले. पाण्यात घाण नाही, पण क्षार भरमसाट. नदीला इतके क्षार कुठले?

लाख वितळवायला विस्तव लागतो. तो मिळायचा काठावरच्या जीवराम आबांच्या चुलीवर. नदीबद्दलच्या गावाच्या तक्रारीवर पहिली सही आबांचीच. तिथे चहा व्हायचा, आणि आबांच्या बायकोचं, शेवंताबाईंचं रडगाणंही ठरलेलं, की आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळच शिजत नाही, हापशावरून आणावं लागतं.

चौथ्या खेपेला निंबाने मेणबत्ती नेली. नदीतच कॅन भरला, तिथेच लाख लावली. आबा चहाला बोलवायला आले आणि सील बघून जागीच थबकले.

"आबा, मी चुलीशी असायचो तेव्हा कॅन कुठे असायचा?"

"ओटावर."

"ओट्यावर कोण असायचं?"

"मी."

"सील शाबूत, म्हणजे पाणी सीलाच्या आधी बदललं. नदी आणि सील यांच्यामध्ये घर एकच, तुमचं. आणि क्षारांचं, डाळ न शिजणारं पाणीही तुमच्याच विहिरीचं. मग सही कशाला केली?"

आबा खाली बसले. बठ्ठा गाव, झाडून सगळा, सही करत होता, वडीलधाऱ्याने मागे कसं राहायचं? मग हळूच म्हणाले, "भाऊ, उन्हाळामा नदीले दुसरं पाणी कोठे शे? हाई बंद व्हयनं ते मनी वांगी वाळी जाई."

मागे त्याच नदीच्या पाण्यावर पोसलेला वांग्यांचा हिरवागार मळा. पुढे हाताला हळद फासून धुणं आपटणाऱ्या बाया.

निंबा कॅन घेऊन गेलाच. रिपोर्ट भयानक आला. आता कारखान्याला नोटीस निघणार, पण साहेबांनी लेखी मागितलं, आधीचे तीन नमुने स्वच्छ कसे?

आबांचं नाव लिहिलं तर म्हातारा कोर्टात. नाही लिहिलं तर निंबाने खाल्लं हे पक्कं, नोकरी गेली. कागद पुढ्यात, साहेब समोर उभे.

सांग, तू काय लिहिलं असतंस?