दुच्चोची व्हेस्पा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. ओर्नेला माझी शेजारीण. त्या दिवशीची तिची किंकाळी मी माझ्या कानांनी ऐकली आहे.

इटलीतलं पोंतेदेरा गाव. ऑगस्टमधली भर दुपार. खिडक्या लावून सगळी गल्ली झोपलेली.

ओर्नेलाची आई फेदोरा अंथरुणाला खिळलेली. पाय कामातून गेलेले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

ओर्नेलाचा धाकटा भाऊ दुच्चो इथल्याच स्कूटरच्या कारखान्यात होता. त्याने एक जुनी व्हेस्पा स्कूटर स्वतः खोलून, जोडून, रंगवून उभी केली. आणि तिच्यावरच अपघातात तो गेला. पुढे ओर्नेलाने ती गाडी लुक्का गावच्या नेल्लोला देऊन टाकली. जुन्या गाड्या जमवायचा त्याला नाद.

त्या दुपारी खाली आवाज आला...

पट्-पट्-पट्...

मग इंजिन बंद. स्टँड लावल्याचा खट्ट आवाज.

"दुच्चो आला गं!" आई म्हणाली. "समुद्रावर नेतोय मला. चपला दे."

"आई, गप झोप बघू."

ओर्नेलाने खाली डोकावून पाहिलं. रस्ता रिकामा. पण जळक्या ऑइलचा वास मात्र...

तिने स्वयंपाकघरातून नेल्लोला फोन लावला.

"दुच्चोची गाडी कुठाय रे?"

"ही काय, समोर. इंजिन टेबलावर उघडून ठेवलंय. का गं, उन्हानं डोकं फिरलं का तुझं?"

तेवढ्यात खाली कुणीतरी किक मारली.

ओर्नेला खोलीत धावली.

पलंग रिकामा...

दाराची कडी आतून तशीच.

"दुच्चो, थांब रे! तिला आण परत!"

ओर्नेलाची ती किंकाळी ऐकून मी अनवाणीच खाली पळाले. आम्ही दोघी पुलापर्यंत धावलो. आवाज पुढेच राहिला. गिअर बदलला... आणि विरून गेला.

संध्याकाळी पोलिसांचा फोन आला. मरिना दि पिसाच्या समुद्रकिनारी खडकांवर फेदोरा बसली होती. केस वाऱ्याने विस्कटलेले, गाल उन्हाने भाजलेले. तिला कोण घेऊन आलं, कुणीच पाहिलं नव्हतं.

"आई, कुणी आणलं तुला?"

तिने ओर्नेलाचा गाल कुरवाळला. "चिडू नकोस गं. दोघींना एकदम नाही नेता येत त्याला. येईल तो परत."

हिवाळ्यात फेदोरा गेली. झोपेतच.

व्हेस्पा अजून येते. दुपारीच.

आता इंजिन बंद होत नाही. खाली नुसतं धडधडत राहतं...

ओर्नेला माझ्याकडे येऊन बसते. मी तिचे दोन्ही हात घट्ट धरते.

दुसरं करणार तरी काय?