बंद नळांचं पाणी

खैरमाळच्या शाळेतले सगळे नळ आठवडाभर बंद होते, आणि तरीही शाळा पाणी प्यायली होती.

"माणशी रोज नऊ लिटर!" परखने जाहीर केलं. "यंदा मी पाहिलेल्या शाळांमध्ये हा सर्वांत कमी आकडा आहे. अभिनंदन!"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सातवीतल्या मैथिली दुधाळचे हात मात्र मांडीवरच राहिले. नऊ लिटर कसे? शून्य का नाही?

परख हा हरित मानांकन मंडळाचा यंत्रमानव. उंचीने तो जेमतेम माठाच्या तिवईएवढा होता, पण त्याच्या येण्याने शाळेची झोप उडाली होती. तपासणी म्हटली की आपल्याकडे जे जे होतं, ते सगळं झालं होतं. भिंतींना रंग लागला, दारात रांगोळी आली, रोपवाटिकेतून दोन दिवसांच्या बोलीवर कुंड्यासुद्धा आल्या. परखने मीटरवर बसवण्यासाठी एक संवेदक (बदल टिपून कळवणारं छोटं यंत्र) आठवडाभर आधी पाठवला, तेव्हा मुख्याध्यापक धनावडे सरांनी तर कमालच केली. त्यांनी सगळे नळ बंद करून टाकले. मुलांनी पिण्याचं पाणी घरून आणायचं, आणि बाकीच्या वापराला देवळाच्या आडाचं पाणी बादल्या भरभरून यायचं. सर काही वाईट नव्हते. शाळेवर त्यांचा जीव होता, आणि पाहुणा येणार म्हटल्यावर घरातला पसारा पलंगाखाली ढकलायची सवय कुणाला नसते?

"आता पुढचं ऐका," परख म्हणाला. "हे नऊ लिटर म्हणजे तुमची आधाररेषा (सुरुवातीची मोजणी, जिच्याशी पुढची प्रगती ताडून पाहायची). वर्षभरात तुम्हाला यातला पाचवा हिस्सा कमी करून दाखवायचा आहे."

सरांचं हसू जागच्या जागी वाळलं. नळ उद्या उघडणार होते. मग नऊचे सात होणं दूरच, नऊचे तीस व्हायचे!

मैथिलीला मात्र वेगळीच काळजी होती. पावसाळ्यात भरलेली शाळेची जमिनीखालची टाकी दरवर्षी फेब्रुवारीतच तळ गाठायची. मग शाळा फक्त सकाळची, आणि दुपारी भरणाऱ्या प्रयोगशाळेला परीक्षेपर्यंत कुलूप. गेल्या वर्षी मैथिलीने वाढवायला घेतलेले तुरटीचे स्फटिक त्या कुलपामागेच सुकून गेले, आणि ती घरी येऊन ढसाढसा रडली होती. यंदा पर्यावरण समितीची प्रमुख झाल्या झाल्या तिने ठणकावून सांगितलं होतं, "मार्चमध्ये प्रयोगशाळा उघडी राहणार म्हणजे राहणार!"

सभा संपली. सरांनी परखला चहा विचारला, मग तो यंत्रमानव असल्याचं आठवून स्वतःच चहा घेतला. मैथिली सरांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"परखदादा, मानांकन म्हणजे बक्षीस असतं का?"

"नाही. मानांकन म्हणजे ठरलेल्या कसोट्यांवर पारखून दिलेली मान्यता. बक्षीस एकदाच मिळतं आणि कपाटात जातं. मानांकन दर दोन वर्षांनी पुन्हा मिळवावं लागतं. तुला कधी ताप आला होता?"

"हो, आला होता की."

"मग डॉक्टरांनी आधी काय केलं?"

"ताप मोजला. औषध दिलं. दोन दिवसांनी पुन्हा मोजला."

"बस्स, तेच. शाळा आधी स्वतःला मोजते. पाणी किती, वीज किती, कचरा किती. मग मुलं आणि शिक्षक मिळून ठरवतात, आधी काय सुधारायचं. ते करतात आणि पुन्हा मोजतात. माझ्यासारखा बाहेरचा कुणी येऊन ते पडताळतो, कारण आपलं आपल्याला नेहमी गोडच दिसतं. शाळा सुधारते ती या फेऱ्यांमुळे. भिंतीवर लावलेल्या मानांकनाच्या पाटीमुळे नाही."

"आणि दवाखान्यात जाण्याआधी कुणी डोक्यावर बर्फ ठेवला तर?"

परखच्या डोळ्यांचे दोन्ही दिवे तिच्याकडे वळले. "तर ताप दिसणार नाही. आणि आजार तसाच राहील."

सरांनी बशी खाली ठेवली आणि डोळे वटारले.  पण प्रयोगशाळेचं कुलूप लागलेलं दार मैथिलीच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"आम्ही बर्फ ठेवला होता," ती म्हणाली. "आठवडाभर एकही नळ उघडला नव्हता. मोजणी खोटी आहे."

"मैथिली!" सर ओरडले. "अगं, शाळेची लाज घालवलीस तू! गावाला काय सांगू मी आता?"

"सर, रागवा मला. पण एवढं सांगा, नळ बंद होते तर ते नऊ लिटर कोण प्यालं?"

 परखने क्षणभर आकडेमोड केली आणि तो ताडकन सरळ झाला.

"खरंच की! नळ चालू होते असं मला वाटलं, म्हणून नऊ लिटर मला काटकसर दिसली. नळ बंद होते म्हटल्यावर हेच नऊ लिटर म्हणजे गळती! तीसुद्धा रात्रंदिवस चालणारी."

मग काय, सगळी समिती कामाला लागली. जमिनीखालच्या टाकीतलं पाणी जिथे चढवलं जायचं, त्या गच्चीवरच्या टाकीपासून नळाच्या वाटेने मुलं जमिनीला कान लावत निघाली. व्यासपीठाच्या मागे मैथिली थबकली. सगळं माळरान करपलेलं होतं, पण इथे हातभर जागेत हिरवीगार हराळी माजली होती.

"ही तर आपल्या मातीची पुण्याई," सर हळूच म्हणाले. "असं सांगून मी ही हिरवळ पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो." मग त्यांनी स्वतःच कुदळ मागवली. दोन हात खणल्यावर तडकलेला नळ सापडला, झुळझुळ वाहत असलेला.

"मानांकन यंदा मिळणार नाही," परख म्हणाला. "आधाररेषा पुन्हा, नळ उघडे ठेवून घ्यावी लागेल."

सरांनी कुदळ बाजूला ठेवली. "घ्या. आणि गावाला मीच सांगतो, का नाही मिळालं ते." मग मैथिलीकडे वळून म्हणाले, "पोरी, मघाशी मी उगाच ओरडलो."

नळ दुरुस्त झाला. खरी मोजणी झाली. तीस लिटर! आकडा बघून मुलांनी नाकं मुरडली, पण तो खरा होता, आणि खऱ्या आकड्याशी झुंजता येतं. हात धुतलेलं पाणी झाडांना जाऊ लागलं. ठिबकणारे नळ बदलले. दर सोमवारी समिती फळ्यावर नवा आकडा लिहायची, आणि तो वाढला की कारण शोधल्याशिवाय घरी जायची नाही.

पुढच्या मार्चमध्ये परख न सांगता आला. दारात रांगोळी नव्हती. धनावडे सर कचऱ्याचं खत करायच्या नव्या खड्ड्यापाशी कोपरापर्यंत हात खतात घालून वाकले होते, आणि भर दुपारी प्रयोगशाळेतून मुलांचा गलका ऐकू येत होता. मैथिली हातातली काचेची नळी सांभाळत बाहेर आली.

"पाण्याचा आकडा मी मीटरवर पाहिला," परख म्हणाला. "एकोणीस. शाबास! आता बाकीचं दाखव."

"बाकीच्यात एक वाईट आहे," मैथिली म्हणाली. "डब्यातलं उष्टं वाढलंय आमचं. ते आधी लिहून घ्या. त्यावर काय करायचं ते आम्ही ठरवतोय."