आतोबांचे जुने रोल

आत्या गेल्या रविवारी फोटो काढता काढता दिसेनाशी झाली.

तर, असं काहीही झालेलं नाही. आत्या ठणठणीत आहे. बाकी सगळं मात्र शंभर टक्के खरं आहे. शपथ घ्यायला मी तयार आहे, कशाची घ्यायची ते तुम्ही ठरवा.

जागा, आत्याच्या घराखालचा बंद पडलेला स्टुडिओ. वेळ, दिवेलागणीची.

स्टुडिओ आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा. जन्मभर त्यांनी लोकांचे फोटो काढले. स्वतः कायम कॅमेऱ्यामागे. ते गेले तेव्हा लक्षात आलं, की घरात त्यांचा फोटोच नाही.

एकही नाही.

"चेहरा विसरत चाललेय रे मी त्यांचा," आत्या एकदा म्हणाली. कांदा चिरताना म्हणाली, त्यामुळे ती रडत होती की नाही ते कळलं नाही.

स्टुडिओच्या फ्रिजमध्ये त्यांचे रंगीत रोल पडून होते. मुदत संपून वीस वर्षं झालेली. टाकवेनात, म्हणून एक कॅमेऱ्यात भरला आणि आत्याला खुर्चीत बसवलं.

फोटो धुऊन आले. सगळं गुलाबी आणि गढूळ. आत्या चिखलातून वर आल्यासारखी.

आणि खुर्चीच्या मागे...

एक बाही.

लॅबवाला म्हणाला, "जुना रोल म्हणजे म्हातारा माणूस. त्याच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. दर दहा वर्षांमागे उजेड दुप्पट कर."

"आणि ही बाही?"

"ती माझ्या खात्यात येत नाही."

पुढच्या रोलला मी कॅमेऱ्यावरची रोलच्या वेगाची चकती दोनशेवरून पन्नासवर आणली. आकडा जितका कमी, तितका उजेड जास्त. उजेड चौपट. रंग काय सुरेख आले.

खुर्चीमागे आतोबा उभे होते.

माझी फ्रेम वाकडी असल्यासारखे माझ्याकडे बघत होते. वाकडी होतीच. मला भीती वाटायला हवी होती, पण आधी अपमान वाटला.

मग आत्याकडे लक्ष गेलं.

तिच्या अंगातून... खुर्चीची वेताची पाठ दिसत होती.

मी फोटो लपवणार होतो. तिने हातातून ओढून घेतला आणि खिडकीशी नेऊन बघत बसली.

"डोळे नीट नाही आले त्यांचे. अजून उजेड दे."

"आत्या, तू पुसट होतेयस."

"माझे फोटो पोत्याने आहेत."

"फोटोचं नाही म्हणत मी. कालपासून तुझी सावली पडत नाहीये."

"या वयात काय करायचीय सावली? चल, चकती फिरव."

मी नाही म्हणालो. ती म्हणाली, मग मी एकटी बसते आणि बटण ते दाबतील. आत्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. आतोबाही नाहीत.

रविवारी खाली गेलो. चकती पंचवीसवर. सगळे दिवे लावले. आत्या खुर्चीत बसली.

मी कॅमेऱ्याला डोळा लावला.

मी काही बोललो नव्हतो. तरी आत्याने हनुवटी जराशी खाली घेतली... कुणीतरी सांगितल्यासारखी.

खुर्चीमागे कुणीतरी घसा साफ केला.

मी बटण दाबलं.

फोटोत आतोबा स्वच्छ आले आहेत. डोळे, पापण्या, गालावरचा तीळ. एक हात खुर्चीच्या पाठीवर. कधी नव्हे ते हसतायत.

खुर्ची रिकामी आहे.

आत्या खूश आहे. फोटो स्वयंपाकघरात लावलाय. सकाळी चहाचं भांडं ओट्यावरून उचललं जातं, कप भरतो, माझ्यासमोर येतो.

"आत्या, आहेस कुठे?"

"तुझ्यासमोर उभी आहे की. आंधळा झालास का?"

मी हसतो. चहा पितो. साखर बरोबर असते.

तरी, रंगीत रोल तयार करणाऱ्या कारखान्याच्या संबंधित विभागास सविनय विनंती, की सदर रोलवर चुकून जादा खर्च झालेला उजेड परत घेऊन माझी आत्या पूर्ववत दिसू लागेल अशी व्यवस्था व्हावी. मात्र तसे करताना फोटोतील आतोबांना हात लावू नये. आत्या रागावेल.