वाळू कुठं न्यायची?

तेओफिल त्या दिवशी नेहमीसारखाच वाळू भरायला भुयारात उतरला. वर बराकीत गाण्याची तालीम रंगली होती. कैदेतल्या पोलिश अधिकाऱ्यांचा हा गायकवृंद कॅप्टन लुडविकने काढला होता. लुडविक मूळचा क्राकूवचा वकील. आवाज खर्जातला आणि सुराशी उभं वैर. पण त्या गलक्यात खणण्याचा आवाज बुडून जाई, आणि जर्मन पहारेकरी जीव वाचवायला बराकीपासून लांब उभे राहत. भुयाराला याहून चांगलं संरक्षण कुठून आणणार?

शेगडीखालची फरशी उचलली की भुयार लागायचं. तिथून ते तारांच्या कुंपणाखालून पाइनच्या जंगलाकडे चाललं होतं. खणणं सोपं होतं, छळत होती ती वाळू. छावणीची जमीन वरून काळी आणि आत पिवळीधमक. मूठभर जरी अंगणात सांडली तरी बिंग फुटणार. माळ्यावर भरली, तर छताला पोट सुटलं. विजारींत लपवून बाहेर न्यायला गेले, तर भलेभले मेजर बदकासारखे चालू लागले. आता कुठेच जागा उरली नव्हती, आणि ढीग हलल्याशिवाय पुढे खणता येत नव्हतं.

तेओफिलला थांबणं शक्य नव्हतं. तो सायलेशियातल्या कोळसाखाणीच्या वस्तीतला शाळामास्तर. युद्धावर निघाला तेव्हा बायकोला, ओटिलियाला, दिवस गेले होते. मुलगी झाली एवढंच त्याला कळलं होतं. तिला एकदा कुशीत घ्यायचं, यापलीकडे त्याला काही नको होतं.

तो खाणकामगाराचा मुलगा. भुयारात शिरताना न चुकता म्हणायचा, "देव बरं करो!" मग पावाचा तुकडा कोपऱ्यात ठेवायचा.

"उंदरांना पोसतोय आमचा मास्तर," लुडविक चिडवायचा.

"उंदरांना नाही, खजिनदाराला. खाणीचा राखणदार तो. जमिनीखाली सगळं त्याच्या मालकीचं असतं. चांगलं वागलं तर मदतही करतो. फक्त काम संपलं की 'सुट्टी!' म्हणून हाक द्यायची. नाहीतर तो बिचारा राबतच राहतो."

"माझ्या अशिलांपेक्षा बरा दिसतो," लुडविक म्हणायचा.

तर त्या दिवशी तेओफिल सरपटत भुयाराच्या टोकाशी पोचला. चरबीचा दिवा फडफडत होता. पुढ्यात वाळूची भिंत, पाठीशी वाळूचा ढीग.

"देव बरं करो," तो सवयीने म्हणाला.

"देव बरं करो..."

लुडविक मागून आला असेल, असं त्याला वाटलं. त्याने वळूनही पाहिलं नाही. ओल्या वाळूच्या वासात कोळशाचा वास मिसळला होता, त्याच्या वडिलांच्या कपड्यांना यायचा तसा.

"कुठं न्यायची?" आवाज हलका होता, धुळीने भरलेला.

"काय?"

"वाळू... कुठं न्यायची?"

तेओफिल त्या वाळूला विटला होता. "घरी!" तो खेकसला. "दुसरं कुठं?"

आणि मग त्याच्या लक्षात आलं. वरून लुडविकचा बेसूर खर्ज स्पष्ट ऐकू येत होता... आणि आवाज मागून आलाच नव्हता. तो समोरून आला होता. समोर तर नुसती जमीन होती.

तो धडपडत वर आला. तालीम सुटल्यावर तो आणि लुडविक खाली उतरले. ढीग गायब. झाडून काढल्यासारखी स्वच्छ जमीन. तेओफिलचं पत्र्याचं खोरंही त्याबरोबर गेलं होतं. लुडविकनेच त्यावर चेष्टेने खिळ्याने 'मास्तर' असं कोरलं होतं.

"वाळू कुठाय, मास्तर?"

"नेली..."

"कुणी?"

तेओफिलने समोरच्या भिंतीकडे बोट केलं.  लुडविकने खिशातून आपला उरलेला अख्खा पाव काढला आणि हळूच कोपऱ्यात ठेवला. "एवढ्यात भागेल ना रे त्याचं?"

त्यानंतर नुसती चंगळ झाली. खणायचं, ढीग करायचा, पाव ठेवायचा आणि वर जायचं. परत यावं तर ढीग नाही. लुडविक असा गळा काढून गाऊ लागला की छावणीच्या कमांडंटने पहारा आणखी लांब हलवला. भुयार बघता बघता झाडांपाशी पोचलं.

धुक्याच्या एका पहाटे त्यांनी वरचा थर फोडला. लुडविकने तेओफिलला पुढे ढकललं. "तू आधी. मुलगी तुझी वाट बघतेय, माझी नाही." तेओफिल बाहेर पडला आणि जवळच कुत्रं भुंकलं. लुडविकने आतून भोकावर फळी ओढून घेतली. तेओफिल एकटाच धावत सुटला. मागे काय झालं, ते त्याला कळलं नाही.

कधी पायी, कधी मालगाडीतल्या कोळशाखाली दडून तो घरी पोचला. ओटिलिया रडली, हसली, आणि मुलीला त्याच्या हातात दिलं. पोरीने त्याचं नाक जे पकडलं ते सोडेना. सुखाने त्याला रडूच आलं.

वस्तीवर जर्मनांचं राज्य होतं, म्हणून ओटिलियाने त्याला तळघरात लपवायला नेलं. "जागा कमी आहे हं," ती कुरकुरली. "कुठून येते देव जाणे. भांडी घासायला घेतली, शेजारणींना वाटली, तरी संपत नाही मेली."

कोळशाने काळ्या झालेल्या तळघरात पिवळ्याधमक वाळूचा ढीग होता. वर पत्र्याचं खोरं. त्यावर कोरलेलं, 'मास्तर'.

तेओफिलने खोरं उचललं. त्याने सगळं सांगितलं. ओटिलियाही खाणकामगाराचीच मुलगी. तिने एकच विचारलं, "निघताना सुट्टी दिलीस का त्याला?"

"घाईत विसरलो गं..."

"मग दे ना आता! आजही ओली वाळू पडलीय."

तेओफिलने भिंतीकडे तोंड करून श्वास घेतला... आणि तो तसाच थांबला. भिंतीच्या आतून, फार लांबून, काहीतरी येत होतं. गाणं. त्यात एक खर्ज, ठार बेसूर.

त्याने तोंड मिटलं. सुट्टी एवढ्यात द्यायची नव्हती. त्याने पावाचा तुकडा ढिगावर ठेवला. "देव बरं करो..."

"देव बरं करो." आवाज अगदी जवळून आला. "आता माणसं आहेत... कुठं न्यायची?"

 ओटिलियाने पोरीला कडेवर सावरलं आणि भिंतीला ठणकावलं, "विचारतोस काय? इकडंच आण. पण घाण नको हं घरात, पाय पुसून या म्हणावं!"

गाणं थांबलं.  मग त्या दगडी भिंतीच्या आत कुणीतरी पाय पुसू लागलं.